अर्नी कोव्हॅक्स: कारकीर्द, करामती आणि कर्ज

तिरपी_खुर्ची (धागाकर्ता)

अमेरिकन टीव्हीच्या सुरुवातीच्या विनोदवीरांत मिल्टन बर्ल, सिड सीझर, जॅकी ग्लिसन यांची नावं पटकन निघतात. अर्नी कोव्हॅक्सचं निघालंच तर "तो मिशीवाला, सिगारवाला" एवढ्यावर थांबतं. टीव्हीचं तंत्र विनोदासाठी कसं वापरायचं हे त्या पिढीत त्याच्याइतकं कुणाला कळलं नव्हतं, म्हणून हा स्वतंत्र धागा. जाणकारांनी भर घालावी. किस्से कमी, काम जास्त असं ठेवू या.

थोडक्यात जीवनपट. जन्म २३ जानेवारी १९१९, ट्रेंटन, न्यू जर्सी. घर हंगेरियन स्थलांतरितांचं. विशीत फुप्फुसाच्या आजारानं दीड वर्षाच्या आसपास इस्पितळात काढलं. १९४१ पासून ट्रेंटनच्या डब्ल्यूटीटीएम रेडिओवर निवेदक. आगगाडीखाली सापडताना कसं वाटत असेल हे सांगायला तो मायक्रोफोन घेऊन रुळावर बसला आणि शेवटच्या क्षणी उठला, हे तिथलंच. सोबत स्थानिक वर्तमानपत्रात सदर.

जानेवारी १९५० मध्ये फिलाडेल्फियाच्या डब्ल्यूपीटीझेड वाहिनीत चाचणी द्यायला गेला तो अर्धी चड्डी आणि वर लाकडी पिंप अशा वेशात. काम मिळालं ते फॅशनच्या आणि पाककृतींच्या कार्यक्रमाचं. नोव्हेंबर १९५० मध्ये सकाळचा कार्यक्रम सुरू झाला. भल्या सकाळी टीव्ही कोण लावणार, असं तेव्हा धंद्यातल्या लोकांचं मत होतं. हवामानाच्या बातमीत पाऊस असला की यानं शिडीवर चढून बातमी वाचणाऱ्याच्या डोक्यावर पाणी ओतायला सुरुवात केली आणि लोक टीव्ही लावू लागले. हे बघूनच एनबीसीला राष्ट्रीय सकाळचा कार्यक्रम काढायचा धीर आला. १९५२ मध्ये तो आल्यावर फिलाडेल्फियाच्या वाहिनीला तो दाखवणं भाग पडलं आणि कोव्हॅक्सचा बंद झाला. ज्याच्या यशावर इमारत उभी राहिली त्यालाच पहिल्यांदा घराबाहेर काढलं.

पुढे न्यूयॉर्क. सीबीएस, मग ड्यूमाँट, मग एनबीसी, शेवटी एबीसी. डिसेंबर १९५२ मध्ये सीबीएसनं त्याला मंगळवारी रात्री आठला मिल्टन बर्लच्या समोर उभं केलं. चार महिन्यांत गाशा गुंडाळला, यात नवल काही नाही. कुठलीच वाहिनी त्याला फार काळ पोसू शकली नाही, आणि कारण प्रत्येक ठिकाणी तेच: खर्च जास्त, प्रेक्षक कमी, आणि हा माणूस ऐकत नाही.

त्याच्या कामाचं मर्म माझ्या मते एका गोष्टीत आहे. त्याचा विनोद स्टुडिओत बसलेल्या माणसाला दिसतच नाही, तो फक्त पडद्यावर घडतो. म्हणून त्याला स्टुडिओत प्रेक्षक नको असत आणि डबाबंद (आधीच ध्वनिमुद्रित केलेला) हशाही नको असे. बाकीचे विनोदवीर रंगमंचावरची कामं कॅमेऱ्यापुढे करत होते.

फाटक

प्रस्तावना छान, पण "फक्त पडद्यावर घडतो" हे जरा उलगडून सांगा. मूकपटांतले चॅप्लिन-कीटनही कॅमेऱ्याचे खेळ करतच होते की. फरक कुठे आहे?

नेपथ्यकार

फाटकसाहेब, तिरप्या टेबलाचंच उदाहरण घ्या. १९ जानेवारी १९५७, एनबीसी. विनोदवीर जेरी लुइसला दीड तास देऊ केला होता, त्यानं एकच तास घेतला. उरलेला अर्धा तास कोव्हॅक्सला मिळाला आणि त्यानं तो एकही संवाद न बोलता केला. पात्राचं नाव यूजीन. तो टेबलाशी जेवायचा डबा उघडतो, ऑलिव्ह बाहेर ठेवतो, ते घरंगळत दुसऱ्या टोकाच्या माणसाकडे जातात. थर्मासमधलं दूध ओततो तर धार पेल्याच्या बाजूला पडते. टेबल तर पडद्यावर अगदी सपाट दिसतं.

युक्ती सांगायला एक वाक्य पुरतं: जमीन, भिंत, टेबल, खुर्च्या सगळं एका कोनात तिरपं बांधायचं आणि कॅमेरा तेवढ्याच कोनात कलता करायचा. चित्रात सगळं सरळ, फक्त गुरुत्वाकर्षण वाकडं. करायला बसलं की काय काय नडतं ते बघा.

कोन किती घ्यायचा? सहा फुटी टेबल १५ अंशांत कललं तर एक टोक दुसऱ्यापेक्षा सुमारे साडेअठरा इंच वर जातं. १० अंशांत साडेबारा इंच. गोल वस्तू १० अंशांत सहा फूट घरंगळायला पावणेदोन सेकंद घेते, १५ अंशांत १.४ आणि २० अंशांत १.२. ऑलिव्ह लंबगोल, म्हणजे डुलत जातो आणि आणखी थोडा वेळ खातो. प्रेक्षकाला "हे काय चाललंय" एवढं कळायला दीडेक सेकंद हवाच. कोन वाढवला तर वस्तू सटकते आणि हसू राहून जातं. कोन फार कमी घेतला तर दुधाची धार पुरेशी चुकत नाही. एक फूट उंचीवरून ओतलेलं दूध १५ अंशांत पेल्यापासून सव्वातीन इंच बाजूला पडतं, म्हणजे तीन इंची तोंडाचा पेला नेमका चुकतो. १० अंशांत दोन इंचच सरकतं, म्हणजे काठाच्या अगदी जवळ पडतं, आणि मग गंमत बघणाऱ्याला वाटतं याचा हात हलला.

पॉलिश केलेल्या लाकडावर काचेची नि चिनी मातीची भांडी याच सुमाराच्या कोनात आपोआप सरकू लागतात. जे घरंगळायला नको ते खालून चिकटवावं लागतं. चिकटवलेली वस्तू नटानं चुकून उचलली तर "टप्" असा आवाज होतो, आणि मूकनाट्यात प्रत्येक आवाज ऐकू जातो.

दगा देणाऱ्या गोष्टी म्हणजे लोंबणाऱ्या: पडदे, दिव्याची वायर, गळ्यातला टाय. सेटवर यातलं काही ठेवायचं नाही, टाय हवाच असेल तर आत तार घालायची. पाण्याचा काचेचा पेला भरलेला नको, कारण पातळी खरी आडवी राहते आणि चित्रात तिरपी दिसते. धूरही तसाच. सिगार पेटली तर धूर खरा उभा जातो, म्हणजे पडद्यावर कललेला. कोव्हॅक्ससारख्याला सिगारीशिवाय बसवणं हाच मुळात मोठा त्याग.

माणसाचं शरीर सगळ्यांत अवघड. वरच्या टोकाला बसलेला पुढे कलंडू बघतो, खालच्या टोकाचा मागे. दोघांनी टेबलाशी काटकोनात बसायचं म्हणजे एकानं पोट आवळून आणि दुसऱ्यानं मांड्यांच्या जोरावर. हे थकवतं, आणि थकलेला नट आपोआप खऱ्या उभ्या रेषेत येतो. त्या क्षणी गुपित फुटतं. म्हणून असे प्रसंग छोटे.

आता स्टुडिओत प्रेक्षक बसवा. त्यांना पहिल्या सेकंदाला उतार दिसतो. विनोद संपला.

कीटनशी फरक विचारलात. कीटनचं घर खरंच पडतं, तिथे उभा असलेला कोणीही ते बघू शकतो. इथे उभं राहून फक्त उतार दिसतो, विनोद नाही.

फाटक

पटलं. सव्वातीन इंचांचा हिशेब वाचून मजा आली.

दोन_इंची

नेपथ्यकारांनी सेटचं सांगितलं, मी उपकरणांचं सांगतो.

फिलाडेल्फियात असताना इफेक्टसाठी पैसा नव्हताच. तेव्हाच्या तंत्रज्ञांनी सूपच्या रिकाम्या डब्यात आरसे बसवून तो कॅमेऱ्याच्या भिंगापुढे लावला आणि चित्र उलटं केलं, म्हणजे कोव्हॅक्स छतावर चालू लागला. मुलांच्या खेळण्यातला कॅलिडोस्कोप लावून संगीतावर नक्षी हलवणं हाही त्याच काळातला उद्योग. अशा डब्यांत एक अडचण कायम असते. आरशाच्या पुढच्या पृष्ठभागाला पारा नसेल तर काचेतून दुहेरी प्रतिमा येते, एक ठळक आणि एक फिकी. शिवाय प्रत्येक परावर्तनात थोडा प्रकाश जातो. त्या काळच्या कॅमेऱ्यांना आधीच भरपूर प्रकाश लागे, म्हणजे दिवे आणखी वाढवा, नट आणखी घामाघूम.

दुसरं हत्यार म्हणजे दोन कॅमेऱ्यांची चित्रं एकमेकांत बसवणं. पहिल्या कॅमेऱ्यासमोर काळं मखमली कापड. जिथे चित्र ठरावीक पातळीपेक्षा गडद तिथे दुसऱ्या कॅमेऱ्याचं चित्र दिसेल, अशी जोडणी. डोक्याला आरपार भोक पाडायचं असेल तर तेवढ्या जागी काळी मखमल. ऐकायला सोपं वाटतं, पण भुवयांखालची सावली, काळे केस, नाकपुड्या, कोटाची घडी, जे जे गडद त्या सगळ्यात भोकं पडतात. उपाय म्हणजे समोरून सपाट प्रकाश, चेहऱ्यावर फिकट रंगलेप, कपडे करडे. त्या काळी कॅमेऱ्यात चित्र टिपणाऱ्या इमेज ऑर्थिकॉन नळीची आणखी एक खोड: फार उजळ वस्तूभोवती ती काळी प्रभावळ काढते. ती प्रभावळही भोक म्हणून मोजली जाते आणि माणसाभोवती दुसऱ्या चित्राची फाटकी किनार दिसते. म्हणून उजेड हवा पण लखलखाट नको. अरुंद वाट आहे ही.

बाथटबमधून एकामागून एक माणसं बाहेर येतात तो प्रसंग लोक इलेक्ट्रॉनिक करामत समजतात. त्यात इलेक्ट्रॉनिक काही नाही. टबाला तळ नाही, खाली सापळा-दार, वर साबणाचा फेस. फेस दिव्यांच्या उष्णतेनं काही मिनिटांत बसतो, म्हणजे उशीर झाला की भोक उघडं.

आता टेप. अँपेक्स कंपनीचं पहिलं चालू शकणारं व्हिडिओ टेप यंत्र एप्रिल १९५६ मध्ये लोकांसमोर आलं. दोन इंच रुंद टेप, सेकंदाला १५ इंच वेग, मिनिटाला १४,४०० फेरे फिरणाऱ्या चकतीवर चार हेड (टेपवर चित्र उमटवणारे आणि वाचणारे भाग). बाकी मंडळींनी याकडे "आता रात्रीचा कार्यक्रम पश्चिम किनाऱ्यावर उशिरा दाखवता येईल" म्हणून पाहिलं. कोव्हॅक्सनं त्याकडे तुकडे जोडण्याचं साधन म्हणून पाहिलं, आणि १९६१ मधल्या एबीसीवरच्या मासिक अर्ध्या तासांत ते दिसतं.

तुकडे जोडणं म्हणजे काय होतं ते सांगतो, कारण आज माउस ओढणाऱ्यांना कल्पना येणार नाही. टेपवरचं चित्र डोळ्यांना दिसत नाही. लोखंडाचा बारीक कीस मिसळलेलं द्रावण टेपवर लावायचं, म्हणजे चुंबकीय रेषा उमटतात. सूक्ष्मदर्शकाखाली दोन चित्रांमधली नेमकी खूण शोधायची, पात्यानं कापायचं, दोन टोकं भिडवून मागून पातळ धातूची पट्टी लावायची. केसभर चूक झाली तर प्रसारणात चित्र गडगडतं. वर आवाजाचं हेड चित्राच्या हेडपासून नऊ इंचांहून थोडं लांब. १५ इंच वेगात हे अंतर अर्ध्या सेकंदाहून जास्त होतं. म्हणजे चित्र जिथे कापलं तिथला आवाज तिथे नाहीच! बोलपटात असं कापलं की वाक्याचं शेपूट तुटतं. मूक विनोदांत, ज्यांवर मागाहून सलग संगीत लावता येतं, तिथे ही अडचण निम्मी होते. मूकनाट्याची त्याची आवड तंत्राला इतकी सोयीची होती, हा योगायोग म्हणा किंवा हुशारी.

मृण्मयी_के

संगीताचा विषय निघालाच आहे तर नैरोबी ट्रायो. तीन गोरिले, ओव्हरकोट, बाऊलर टोपी, आणि रॉबर्ट मॅक्सवेलची "सोल्फेजिओ" नावाची धून. मधला कोव्हॅक्स, सिगारीसकट. पियानोवर बऱ्याचदा त्याची बायको, इडी अ‍ॅडम्स. तिसरा तालवाला, जो दर ओळीच्या शेवटी काठीनं मधल्याच्या डोक्यावर ठोका मारतो. बस्स एवढंच. वर्षानुवर्षं तेच.

गंमत चालते ती यंत्रासारख्या हालचालींमुळे. तिघंही चावीच्या खेळण्यासारखे हलतात, मान आधी वळते, धड मग. मुखवट्यात भाव नाहीत, म्हणून संताप मानेच्या कोनातून दाखवावा लागतो: ठोका बसल्यावर मधला लगेच वळत नाही, एक पूर्ण मात्रा थांबतो, मग वळतो. ती थांबलेली मात्रा काढून टाका, उरतो नुसता डोक्यावरचा फटका. त्यात मुखवट्यातून नीट दिसत नाही, कान झाकलेले, आत उकाडा. काठी टोपीच्या मधोमध पडायला हवी, कपाळावर गेली तर मुखवटा फिरतो आणि डोळ्यांची भोकं सरकतात.

आता एक नावडती गोष्टही लिहिते. गोरिल्यांना "नैरोबी" हे आफ्रिकेतल्या शहराचं नाव देणं आज खटकतं, खटकायलाच हवं. कोव्हॅक्सनं रंगवलेला कवी पर्सी डव्हटॉन्सिल्स, त्याचंही तसंच: प्राण्याच्या कातड्यासारखं जाकीट, कपाळावर चिकटवलेली बट, मार्टिनीच्या पेल्यात फूल, भिंगांवर डोळे रंगवलेला चष्मा आणि बोबडं, लाडिक बोलणं. रेडिओवर सद्गदित होऊन कविता वाचणाऱ्यांची ती टिंगल होती हे खरं. पण अर्धा हशा "बायकी पुरुष" यावरचा आहे हेही खरं. तरी एक फरक मला दिसतो. पर्सी कधी अपमानित होत नाही. तो स्वतःवर खूश असतो, कविता भिकार असते, आणि हसू त्या कवितेवर येतं. बर्ल बायकांचे कपडे घालून करायचा त्या साडी, सॉरी, गाऊनच्या विनोदांपेक्षा हे खूप सौम्य.

तिरपी_खुर्ची

मृण्मयीताई, "साडी, सॉरी" वर +१. पर्सीबद्दल सहमत, नैरोबीच्या नावाबद्दलही.

ऑफिस आणि स्वयंपाकघराच्या त्या संगीत-तुकड्यांबद्दल नेपथ्यकारांनी लिहावं. फोनची तबकडी, कपाटाचे खण, टाइपरायटर, सगळं आपोआप तालावर हलतं ते. चायकॉव्हस्कीच्या "१८१२" वर सेलरीचे दांडे कडाकडा मोडण्याचाही उल्लेख करा.

नेपथ्यकार

थोडक्यात लिहितो, कारण यात गुपित फार नाही, कष्ट फार आहेत. नायलॉनचे बारीक धागे, टेबलाला खालून भोकं, कपाटामागे माणसं. १२० च्या लयीत एक मात्रा अर्धा सेकंद, म्हणजे अमेरिकन टीव्हीच्या हिशेबानं १५ चित्रं. दोन-तीन चित्रांचा उशीर डोळ्याला लगेच कळतो. ठोका ऐकून ओढायला गेलात तर मेंदूपासून हातापर्यंत पोचायलाच सेकंदाचा पाचवा भाग जातो, म्हणजे सहा चित्रं. म्हणून ऐकून ओढायचंच नाही. मात्रा मोजायच्या आणि ठोक्याच्या आधी हात सोडायचा. तबलजी हे उपजत करतो, पडद्यामागच्या सुताराला शिकवावं लागतं.

जड खण हलक्या खणापेक्षा उशिरा सुटतो, म्हणजे प्रत्येक वस्तूची आगाऊ वेळ वेगळी. सरळ उपाय: सगळे खण रिकामे, कडांना मेण. सेलरी ताजी आणि गार हवी, दिव्यांखाली दहा मिनिटं राहिली की लवते आणि मोडताना आवाज करत नाही. धागा चकाकू नये म्हणून मंद काळा रंग, आणि मागची भिंत एकरंगी ठेवायची नाही, तिच्यावर नक्षी हवी, म्हणजे धागा हरवतो.

दोन_इंची

त्याच मालिकेतला ऑसिलोस्कोप विसरू नका. वुल्फगांग नॉयस या जर्मन कलाकारानं गायलेलं "मॅक द नाइफ", पडद्यावर त्या आवाजाची नुसती वेडीवाकडी रेषा, आणि मध्येमध्ये काही सेकंदांचे काळे विनोद. एक धून, एक रेषा, वीसेक झटके. खर्च जवळजवळ शून्य. याच माणसानं दुसऱ्या बाजूला काही सेकंदांच्या एका विनोदावर १२,००० डॉलर घातले: जुन्या गाड्या विकणारा गाडीवर थाप मारतो आणि गाडी जमिनीतून खाली जाते. १९६१ चे १२,००० डॉलर!

हिशेबनीस

पैशाचा विषय निघाला, आता माझी पाळी.

कोव्हॅक्सची उधळण हा त्याच्या विनोदाचाच विस्तार आहे असं भक्त लिहितात. वहीखात्याच्या बाजूनं बघितलं तर सरळसरळ दिवाळं. न्यूयॉर्कमध्ये सेंट्रल पार्क वेस्टवर सतरा खोल्यांचं घर. पुढे लॉस एंजलीसला घर घेतलं तर आवारात गाड्या वळवायला फिरता चबुतरा बसवला. दिवसाला वीसेक हवाना सिगारी. आणि पत्ते. पोकर आणि जिन रमी तो भरपूर खेळे आणि भरपूर हरे.

त्याहून मोठा खड्डा कराचा. कर हा त्याला मुळात अन्याय वाटे, आणि त्यानं तो बरीच वर्षं नीट भरलाच नाही. तेव्हा अमेरिकेत सर्वांत वरच्या टप्प्याला ९१ टक्के दर होता, त्यामुळे चित्रपट-टीव्हीतले सगळेच कंपन्या काढून उत्पन्न वळवत. कोव्हॅक्सनंही काढल्या, पण नावं अशी की वाचून कर अधिकाऱ्याचं डोकं फिरावं. एकीचं नाव "बझूका डूका हिका होका हूका कंपनी". विनोद म्हणून उत्तम, करनियोजन म्हणून शून्य. कंपनी काढल्यानं देणं टळत नाही, पुढे ढकललं जातं, आणि विवरणपत्र वेळेत गेलं नाही तर मूळ रकमेवर व्याज आणि दंड चढत राहतो. शेवटी करखात्यानं त्याच्या कमाईवरच टाच आणली, ९० टक्क्यांपर्यंत.

१९६१ मध्ये ७५,००० डॉलरची जप्तीची नोटीस आली, त्याच दिवशी यानं कॅलिफोर्निया रॅकेट क्लब नावाचा क्लब विकत घेतला! हिशेब असा की तोटा दाखवून कर वाचेल. पण त्या मालमत्तेवर आधीचीच गहाणं होती. तोट्याची वजावट मिळाली तरी हप्ते रोख भरावे लागतात, आणि रोख रक्कम तर खातं आधीच उचलून नेतंय. ती गहाणं पुढे बायकोनं फेडली.

त्या काळात तो हाताला येईल ते काम का घेत होता हे यातून कळतं. १९५७ नंतरचे चित्रपट त्यातलेच. लष्करी कॅप्टनच्या भूमिका इतक्या आल्या की त्यानं व्यावसायिक नियतकालिकात जाहिरात देऊन "आता कॅप्टन पुरे" असं सांगितलं. १९५९-६१ चा एबीसीवरचा प्रश्नोत्तरांचा कार्यक्रमही सिगार कंपनीच्याच पैशावर. त्यातल्या सूचक नाटिकांचा उत्तराशी संबंध शोधत पॅनेल बसे, आणि संबंध बऱ्याचदा नसेच. डच मास्टर्स सिगारीच्या त्याच्या जाहिरातीही बिनबोलक्या, मागे तंतुवाद्यं. प्रायोजक एवढा उदार होता की मधल्या कार्यक्रमात काय चाललंय यात त्यानं फार नाक खुपसलं नाही. कोव्हॅक्सच्या आयुष्यात पैशाच्या बाबतीत हेच एक बरं घडलं.

सिंधू

मुलींचं प्रकरणही खर्चात धरा. पहिल्या लग्नाच्या दोन मुलींचा ताबा कोर्टानं त्याला दिला होता, तेव्हा वडिलांना ताबा मिळणं दुर्मीळच. पहिली बायको भेटीच्या वेळी त्यांना घेऊन निघून गेली. शोधायला दोनेक वर्षं आणि बेसुमार पैसा गेला. १९५५ मध्ये फ्लोरिडात सापडल्या. कर थकायला लागला त्याच सुमाराला हेही चालू होतं.

आणि इडी अ‍ॅडम्सला "त्याची बायको" म्हणून आटोपू नका. जुलियार्ड या संगीतशाळेत शिकलेली गायिका, फिलाडेल्फियापासून त्याच्या कार्यक्रमांत होती. लग्न १२ सप्टेंबर १९५४, मेक्सिको सिटी.

मृण्मयी_के

सिंधू, बरोबर. तिच्याबद्दल खरं तर वेगळा धागा हवा.

हिशेबनीस

सिंधूताई, मान्य, तो खर्च मी धरायला हवा होता.

मृत्यूनंतरचा हिशेब लिहून टाकतो. १३ जानेवारी १९६२, मध्यरात्र उलटून गेलेली, लॉस एंजलीसला पाऊस. एका समारंभातून नवरा-बायको दोन वेगळ्या गाड्यांतून निघाले. कोव्हॅक्सकडे शेव्हरोले कोर्व्हेर स्टेशन वॅगन होती. बेव्हर्ली ग्लेन आणि सँटा मोनिका बुलेव्हारच्या नाक्यावर ती घसरून खांबावर आदळली. हाताजवळ न पेटवलेली सिगार सापडली, म्हणून सिगार पेटवताना ताबा सुटला असं मानतात. वय ४२, त्रेचाळीसला दहा दिवस कमी. शेवटचा एबीसीचा भाग त्याच्या वाढदिवशी, २३ जानेवारीला दाखवला गेला. त्याच वर्षी इलेक्ट्रॉनिक कॅमेरा कामासाठीचा एमी हा टीव्हीचा पुरस्कार मरणोत्तर मिळाला.

मागे राहिलं लाखो डॉलरचं देणं. मित्रांनी मदतीचा कार्यक्रम करायची तयारी दाखवली. इडीनं नकार दिला आणि काम करून फेडलं: नाइट क्लबमध्ये गाणी, चित्रपट, आणि म्युरिएल सिगारीच्या जाहिराती वर्षानुवर्षं. सिगारीनं जमवलेलं कर्ज सिगारीनं फेडलं म्हणा. त्यात पहिल्या बायकोनं मुलींच्या ताब्यासाठी खटला घातला, तो इडीनं १९६२ मध्येच जिंकला. सासूशीही मालमत्तेवरून कोर्टकज्जे झाले.

फाटक

कोर्व्हेर म्हणजे तीच ना, मागे इंजिन असलेली, जिच्यावर पुढे एवढा गदारोळ झाला?

नेपथ्यकार

तीच. इंजिन मागच्या चाकांच्या मागे आणि मागचे अ‍ॅक्सल झोके घेणारे. वळणावर मागचं वजन बाहेर फेकलं जातं आणि चाक आत दुमडू शकतं. टायरमध्ये पुढे कमी आणि मागे जास्त हवा ठेवणं आवश्यक होतं, बरेच लोक चारींत सारखीच भरत. या अपघाताचं कारण मात्र त्यावर ढकलू नये. ओला रस्ता, रात्र आणि सिगार एवढं पुरेसं आहे.

फाटक

मग टेपांचं काय झालं? एवढं काम, आज बघायला किती उरलंय?

दोन_इंची

फाटकसाहेब, इथे दुखरी नस आहे.

१९५६ पूर्वीचं जे आहे ते किनेस्कोप, म्हणजे मॉनिटरच्या पडद्यासमोर १६ मिमीचा कॅमेरा ठेवून काढलेली फिल्म. टीव्ही सेकंदाला ३० चित्रं देतो, फिल्म २४ घेते, त्यामुळे कॅमेऱ्याच्या शटरची वेळ जराही चुकली की मधोमध आडवा पट्टा सरकतो. राखाडी छटा खलास होतात. मखमलीवरचे त्याचे बारीक इफेक्ट यात नीट दिसत नाहीत, हे बघताना लक्षात ठेवा.

नंतरची टेप महाग होती, तासाभराच्या रिळाला तीनेकशे डॉलर, आणि पुसून पुन्हा वापरता येई. वाहिनीला जुना विनोदी कार्यक्रम ठेवण्यापेक्षा रीळ मोकळं करणं स्वस्त. आपल्याकडे दूरदर्शननंही पुढे हेच केलं, तेव्हा अमेरिकनांना हसायचं कारण नाही. इडीला हे कळल्यावर तिनं विम्याचे आणि स्वतःच्या कमाईचे पैसे घालून टेपा आणि हक्क विकत घ्यायला सुरुवात केली. आज जे काही आहे ते त्यामुळे. ड्यूमाँटच्या बाबतीत तिनं १९९६ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या सुनावणीत सांगितलं की तो साठा सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कच्या खाडीत टाकला गेला. २०१५ मध्ये तिच्याकडचा संग्रह लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे गेला.

जुन्या दोन इंची टेपा आज चालवणं हा वेगळाच व्याप. चालणारी यंत्रं मोजकी, हेड झिजलेली. टेपवरचा चिकट थर सैल झाला असेल तर चुंबकीय लेप हेडवर खरवडून बसतो, चित्र काही सेकंदांत जातं. पहिल्या फेरीतच डिजिटल प्रत घ्यायची, कारण दुसरी फेरी मिळेलच असं नाही. कोव्हॅक्सच्या टेपांत हाताचे जोड भरपूर, आणि जुनी चिकटपट्टी सुकून सुटते. म्हणजे त्यानं जितकं कौशल्य ओतलं तितकी टेप नाजूक.

सिंधू

नव्यानं बघणाऱ्यानं कुठून सुरुवात करावी? एकदम सगळं बघायला गेलं तर कंटाळतात लोक, आणि दोष कोव्हॅक्सला देतात.

तिरपी_खुर्ची

सिंधूताई, माझा क्रम असा. आधी १९६१ चे एबीसी भाग, कारण टेपवरचे आहेत आणि चित्र स्वच्छ आहे. यूजीनही त्यानं त्याच वर्षी एबीसीसाठी पुन्हा केला. जो बेहारबरोबर केलेल्या त्या दिग्दर्शनाला दिग्दर्शक संघाचं पारितोषिक मिळालं. तो १९५७ च्या आधी बघावा, मग १९५७ चा बघून काय बदललं ते ताडावं. नैरोबी ट्रायो एका दिवशी एकदाच. सलग तीन वेळा बघितलं तर मृण्मयीताई म्हणतात ती थांबलेली मात्रा बोथट होते. सकाळचे आणि दुपारचे कार्यक्रम शेवटी. ते थेट प्रक्षेपणाचे, पसरट, अर्धे विनोद फसलेले. फसल्यावर तो कॅमेऱ्यामागच्या माणसांशी बोलायला लागतो ते बघण्यासारखं आहे.

२०११ मध्ये आलेला सहा डिस्कचा संच मिळाला तर उत्तम. त्याआधी १९७७ मध्ये शिकागोच्या सार्वजनिक वाहिनीनं अभिनेता जॅक लेमनच्या निवेदनासह दहा अर्ध्या तासांची मालिका केली होती, तिचे तुकडे आंतरजालावर फिरतात. त्यात विनोद मूळ जागेवरून काढून एकापाठोपाठ लावलेत, त्यामुळे वेग जास्त वाटतो.

एक सूचना: रुंद पडद्यासाठी वरून-खालून कापलेल्या प्रती टाळा. मूळ चौकट ४:३ ची आहे आणि त्याचे अर्धे विनोद चौकटीच्या कडेला घडतात. तिरप्या टेबलाच्या प्रसंगात खालची कड कापली तर टेबलाचे पाय जातात, आणि पाय दिसले नाहीत तर टेबल सपाट आहे यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

नेपथ्यकार

पायांचं अगदी बरोबर. पाय जमिनीशी काटकोनात दिसायलाच हवेत.